मोकळी जमीन

'मोकळी जमीन' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो की त्यात काही दडलेले असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. भांडे रिकामे आहे म्हटले म्हणजे त्यात पाणी नाही एवढे कळते; जमीन मोकळी आहे म्हटले म्हणजे तिच्यावर नेमके काय नाही, हे मात्र पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. मुळशी, भोर, महाड, आंबोली अशा सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर पुण्यामुंबईची कुटुंबे हल्ली जमिनी घेतात. चार पैसे गाठीशी जमलेले असतात, मुलांना झाडे-डोंगर दिसावेत ही इच्छा असते, म्हातारपणी दोन खोल्यांचे घर बांधावे असा बेत असतो. यात वाईट काहीच नाही. दलाल उतारावर उभा राहून हात फिरवतो आणि म्हणतो, "बघा साहेब, सगळी मोकळी आहे." येथे मात्र माझ्यासारख्याला थोडे थांबावेसे वाटते.

अशा उताराच्या जमिनीला कोकणात 'वरकस' म्हणतात. भाताच्या खाचरासारखी ती दर साली पीक देत नाही. दोनतीन वर्षे तिच्यात नाचणी, वरी घ्यायची आणि मग काही वर्षे तिला विसावा द्यायचा, असा तिचा जुना क्रम. विसाव्याच्या वर्षांत तिच्यावर गवत माजते. पाऊस सरला की ते कापतात, भारे बांधून खाली आणतात, आणि गुरांचा उन्हाळा त्यावर निभतो. तिच्यावरच्या ऐन-किंजळीच्या फांद्या छाटतात. त्या फांद्या, शेण, गवत आणि पालापाचोळा यांचे थर खाचराच्या एका तुकड्यावर रचून पावसाळ्यापूर्वी भाजतात. याला राब म्हणतात. त्या भाजलेल्या मातीत भाताचे रोप उगवते. (राबाच्या पद्धतीवर शेतीतज्ज्ञांनी टीका केली आहे आणि ती सगळीच चुकीची नाही, पण तो विषय निराळा.) सांगायचे इतकेच की, वरची जमीन जेव्हा नुसती पडून आहे असे आपल्याला दिसते, तेव्हा ती खालच्या भातासाठी राबत असते. झोपलेल्या माणसाला बेकार म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे.

जमीन कोणाची, या प्रश्नाला पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या विचारवंतांनी दिलेले एक उत्तर आश्चर्य वाटावे इतके सारखे आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात म्हटले आहे की ज्याने खुंट काढून रान साफ केले त्याचे शेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकनेही तेच मांडले : ज्याने आपले श्रम मातीत मिसळले त्याची ती माती. लॉकच्या दृष्टीने न नांगरलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, आणि या युक्तिवादाचा अमेरिकेतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना पुढे फार उपयोग झाला. मात्र त्याच लॉकने एक अट घातली होती, ती विसरली जाते : इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे.

श्रमाचाच निकष लावला तर गवत कापणारी बाई आणि फांद्या छाटणारा गडी यांचा हक्क मोठा ठरेल, घेणाऱ्याचा लहान. पण हेही अर्धेच खरे. तीस वर्षे कचेरीत किंवा शाळेत खर्डेघाशी करून ज्याने पैसा साठवला, त्याचा पैसा म्हणजे साठवलेले श्रमच नव्हेत काय? एकाच्या श्रमाने दुसऱ्याचे श्रम पुसले जातात का, एवढाच प्रश्न उरतो.

कायदा याचे उत्तर कागदावर शोधतो. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. कुळ, बोजा, वाट असल्या नोंदी त्यात येतात. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षांच्या उघड, अखंड आणि हक्काने केलेल्या वहिवाटीलाही मान दिला आहे. पण डोक्यावर भारा घेऊन उतार उतरणारी म्हातारी तलाठ्याकडे नोंद करायला कधी जाते? तिची वाट तिच्या पायांना ठाऊक असते. रकाना कोराच राहतो. वकील 'बोजा नाही' असे लिहून देतो, आणि ते खोटेही नसते.

यावर कोणी म्हणेल, शहरात बसून गावाने जमीन विकू नये असे सांगणारे तुम्ही कोण? हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. ज्याने जन्मभर नाचणीवर दिवस काढले त्याला मुलीच्या शिक्षणासाठी उतार विकावासा वाटला, तर त्याला डोंगराचे काव्य ऐकवणे हा निव्वळ उद्धटपणा होय. 1921 साली मुळशीला सत्याग्रह सुरू झाला तो धरणासाठी शेतकऱ्यांच्या मनाविरुद्ध जमिनी घेतल्या जात होत्या म्हणून. आजचा विकणारा स्वतःच्या पायांनी दुय्यम निबंधकापुढे जातो. हा फरक मोठा आहे. मात्र तो संमती देतो ती आपल्यापुरती. दर साली म्हशी घेऊन तेथून जाणारा गवळी धनगर त्या दस्तावर सही करत नाही. त्याला विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

म्हणून खरेदीपेक्षा मला तारेच्या कुंपणाचे भय अधिक वाटते. नाव बदलले तरी वाट राहू शकते. तार ओढली की ती संपते. तीच गोष्ट उतार कापून सपाट करण्याची. 30 जुलै 2014 रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. पाऊस अतोनात होता. उतारावर शेतीसाठी झालेल्या सपाटीकरणाचा त्यात किती वाटा होता यावर पुष्कळ वाद झाला. ते सपाटीकरण काही शहरी बंगल्यांसाठी नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पण हद्दीचा दगड मालकी अडवतो, पाणी अडवत नाही. वरच्याने माती कशी हलवली याचा हिशेब खालच्याच्या दारात येतो, मग वरचा गावचा असो की मुंबईचा.

भाऊबीजेच्या सुमारास डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागते. ज्यांना जमीन घ्यायची आहे त्यांनी वकिलाकडे जाण्यापूर्वी याच दिवसांत गावात एक चक्कर मारावी, आणि या तुकड्यावरचे गवत कोण कापते एवढे विचारावे. उत्तर सातबाऱ्यावरच्या नावापेक्षा निराळे निघाले, तर त्या घरीही जाऊन बसावे.