दुसऱ्या दिवसाचे शहर

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून लहानग्यांना घेऊन मुंबईत कोठे जावे याच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात, आणि त्यांवरून घरोघर जी चर्चा चालते ती ऐकली म्हणजे वाटते की, दीड-दोन वर्षांचे मूल या चर्चेत केवळ निमित्तमात्र असून खरा प्रश्न किती स्थळे किती तासांत उरकता येतील एवढाच आहे. एक पक्ष यादी लांबवतो. दुसरा पक्ष, मूल इतके अजाण असताना हा खटाटोप कशाला, असे म्हणून सगळी यादीच फेटाळून लावतो. मला हा वाद वरवरचा वाटतो, कारण दोन्ही पक्षांनी जमाखर्चाची वही एकच धरली आहे. मतभेद आहे तो फक्त शिल्लक किती उरते याविषयी.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत तर सहलीचा विषय सहसा उलट्या दिशेनेच निघतो. मुंबईकरांनी इकडे यावे, उल्हास नदीच्या आसपासच्या फार्महाउसांत राहावे, खोपोलीनजीकच्या इमॅजिकात दिवस घालवावा, नेरळहून माथेरानच्या छोट्या गाडीत बसावे, ही वहिवाट इतकी रुळली आहे की, येथल्या कुटुंबालाही कधी शहर पाहावेसे वाटत असेल हे कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक येथल्या माणसाचे मुंबईशी नाते जुने आहे. खोपोलीपर्यंत लोहमार्ग १८५६ सालीच पोचला आणि १८६३ साली गाडी बोरघाट चढून गेली. त्यापुढचा गिरण्यांचा, चाळींचा आणि पासधारकांचा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. परंतु हे नाते पुढे बव्हंशी फेरीचे होऊन बसले. पहाटेची लोकल धरायची, कचेरी, न्यायालय, इस्पितळ किंवा घाऊक बाजार गाठायचा, आणि दिवेलागणीनंतर घरी परतायचे. शंभर किलोमीटरांचे अंतर जर दोन-सव्वादोन तासांत कापता येते, तर तेथे मुक्काम कशाला करायचा, हा प्रश्न येथल्या मनुष्यास स्वाभाविक वाटतो. मोठ्या माणसाच्या कामापुरता तो रास्तही आहे. लहान मुलाच्या बाबतीत मात्र तो सर्वस्वी गैरलागू ठरतो, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे मांडण्यापूर्वी एका आक्षेपाचा बंदोबस्त करणे भाग आहे, कारण तो प्रत्येक ओसरीवर आणि प्रत्येक फलाटावर अंतिम निकालाच्या थाटात उच्चारला जातो. "त्याला काय कळतंय? मोठेपणी त्यातलं काय आठवणार आहे?" या आक्षेपातील वस्तुस्थिती मी नाकारत नाही. प्रौढ मनुष्यास साधारणतः तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आधीचे काही आठवत नाही, आणि या विस्मृतीकडे फ्रॉइडने १९०५ मध्येच लक्ष वेधले होते. परंतु या वस्तुस्थितीतून जो निष्कर्ष काढला जातो तो तिच्यात मुळीच नाही. पुढे आठवणार नाही म्हणून आज करू नये, हा न्याय जर खरा मानला तर उष्टावण, जावळ, पहिला वाढदिवस हे सारेच बाद होईल. आणि गंमत अशी की, हाच आक्षेप घेणारे आजोबा त्याच नातवाला चतुर्थीच्या दिवशी महडच्या वरदविनायकास नेताना, त्याच्या हे पुढे लक्षात राहील काय, अशी पृच्छा चुकूनही करीत नाहीत. तेथे जाण्यातच जाण्याचे सार्थक आहे, हे त्यांना मान्य असते. मग हेच औदार्य शहराच्या वाट्याला का येऊ नये?

यावर असे उत्तर मिळेल की, देवदर्शनाची गोष्ट वेगळी. सहल ही चैन आहे, आणि चैनीवर पैसा घालायचा तर तिचे काही तरी हाती उरले पाहिजे. ठीक आहे, पण हाती उरायचे ते कोणाच्या, आणि केव्हा? आक्षेपकाने बालपण ही जणू मुदतीची ठेव मानली आहे, जिचे व्याज वीस वर्षांनी वसूल व्हायचे आणि ते न मिळाले तर मुद्दल वाया गेले असे समजायचे. जो आनंद घेणारा आज, या क्षणी, समोर उभा आहे त्याच्या आनंदाची नोंद त्याच्याच भावी प्रौढ प्रतिनिधीच्या नावे करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

तथापि या आक्षेपाचे खरे वैगुण्य याहून खोल आहे. दीर्घकालीन विस्मृतीचा दाखला देऊन तो मुलाला स्मृतीच नाही असे सुचवतो, आणि हे उघड उघड असत्य आहे. पायाला बांधलेल्या फितीने पाळण्यावरचे खेळणे हलते, हे शिकलेले तीन महिन्यांचे अर्भक काही दिवसांनंतरही ते खेळणे दिसताच पाय झाडते, असे कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांच्या प्रयोगांतून दिसून आले; आणि तीन वर्षांच्या आतली मुले कित्येक महिन्यांपूर्वीच्या प्रसंगांविषयी बोलू शकतात, अशी नोंद १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी केलेली आहे. म्हणजे लहान मूल स्मृतिहीन नसते. त्याची स्मृती आपल्या स्मृतीहून वेगळ्या मुदतीची असते, इतकेच. काल पाहिलेले आज ओळखणे, सकाळी ज्या वळणावर मांजर दिसले त्याच वळणावर संध्याकाळी थबकणे, हा त्या वयातील बुद्धीचा ऐन व्यवसाय आहे. 'वीस वर्षांनी आठवेल काय' हा प्रश्न म्हणून अप्रस्तुत होय. 'उद्या आठवेल काय' असे विचारा. उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, आणि दोन दिवसांच्या सहलीस याहून लांब स्मृतीची गरजच नाही.

बाकीच्या आक्षेपांपाशी फारसे थांबावे लागत नाही. गर्दीत मूल आजारी पडते म्हणणाऱ्यांनी आपल्याकडच्या लग्नसराईकडे पाहावे. आणि प्रत्येक सहल शैक्षणिक असावी असा आग्रह धरणाऱ्यांस, मुलाने अगोदर मूल असावे, इतकेच सांगता येईल.

आता मुद्द्याकडे येतो. लहान मुलासह शहरात जाण्याचे दोन प्रकार आहेत : फेरी आणि मुक्काम. हा भेद खर्चाचा किंवा तासांचा नाही. तो पाहण्याच्या जातीचा आहे. फेरीत प्रत्येक वस्तू एकदाच दिसते, मुक्कामात ती दुसऱ्यांदा दिसते. प्रौढाला पहिल्या दर्शनाची ओढ असते, कारण त्याच्यापाशी तुलनेसाठी पूर्वीच्या शेकडो वस्तूंचा साठा असतो. मुलापाशी तो साठा नाही. त्याच्यासमोर प्रथम येणारा उंट, लाल बस किंवा समुद्र हा आधी एक गोंधळ असतो, क्वचित भयही, आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा समोर आला म्हणजे कोठे 'हा तोच' असा आनंदाचा उद्गार निघतो. तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावणारे, तेच गाणे दहादा म्हणायला लावणारे मूल आपणांस रोज हेच शिकवीत असते. तरीही सहलीची तजवीज करताना आपण मुद्दाम प्रत्येक स्थळ नवे निवडतो आणि त्याला पुनर्दर्शनाच्या सुखापासून वंचित ठेवतो.

१९३९ साली भारतात आलेल्या मारिया माँटेसरी यांनी लहान मुलाच्या चालण्याविषयी जे निरीक्षण नोंदवले आहे ते येथे उपयोगी पडते. दोन वर्षांचे मूल पुष्कळ लांब चालू शकते, मात्र मोठ्यांनी आपली गती सोडून त्याची गती स्वीकारली तर. कारण ते कोठे पोचण्यासाठी चालत नसते. त्यांच्या विचारास मराठी मातीत रुजवणाऱ्या ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे, मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, ही दिशा धरली. तीच दृष्टी सहलीस लावली की कार्यक्रमपत्रिका आपोआप आखूड होते.

उदाहरणार्थ, भायखळ्याची राणीची बाग घ्या. १८६२ साली लोकांस खुली झालेले हे उद्यान मध्य रेल्वेच्याच मार्गावर, स्थानकापासून जवळ आहे. कर्जतहून सुटणाऱ्या लोकलमध्ये, नोकरदारांची गर्दी निघून गेल्यावर, बसायला जागा मिळते; खोपोलीकरांना कर्जतला गाडी बदलावी लागली तरी तो बदलही मुलाच्या दृष्टीने प्रवासातील प्रेक्षणीय भागच होय. मुक्काम बागेच्या जवळ असावा, म्हणजे दुपारची झोप खोलीतच होईल. एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसाकाठी अकरा ते चौदा तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि या झोपेशी तडजोड करणारा बेत संध्याकाळी रडण्याच्या रूपाने आपली किंमत वसूल करतो. पहिल्या दिवशी उन्हे उतरल्यावर बाग पाहावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पेंग्विन आणि पाणघोडा पाहून झालेले असतानाही, पुन्हा तेथेच जावे. तेथे मूल पाणघोडा सोडून झाडाखालच्या खारीपाशी रमले तर त्याला ओढू नये. बुधवारी बाग बंद असते, एवढे ध्यानात ठेवून तिकिटे काढावीत, आणि परतीची गाडी संध्याकाळच्या गर्दीआधीची धरावी. यापलीकडे नियोजन नाही.

एका रात्रीचा खर्च वाढेल, हे खरे. आणि पूर्वी लालबाग-परळला मावशीची खोली असे, ती सोय आता कित्येकांना उरलेली नाही, हेही खरे. शिवाय याच तालुक्यांतील कातकरी कुटुंबे तान्ही मुले काखेत घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, त्यांच्यापुढे मुक्कामाचे गुणगान करणे हे सुस्थित माणसाचे बोलणे ठरेल, याची मला जाणीव आहे. परंतु ज्यांना एका रात्रीचे भाडे झेपते आणि जे तरीही एका दिवसात पाच ठिकाणे उरकून मध्यरात्री झोपलेले मूल खांद्यावर टाकून परततात, त्यांची अडचण पैशाची नसून समजुतीची आहे. त्यांच्या खर्चाने मुलास काहीच पुरते दिसलेले नसते, आणि मग त्याला काही आठवत नाही याचा दोष मात्र वयाच्या माथी मारला जातो.

म्हणून माझा सल्ला थोडा कठोर वाटला तरी स्पष्ट आहे : ज्यांच्यापाशी एकच दिवस आहे त्यांनी मुलाला घेऊन मुंबईला जाऊच नये. त्यांनी कर्जतच्या फलाटावर जावे, घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोड इंजिने लावतात ती दाखवावीत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेथेच जावे. शहर दोनदा दाखवता येत नसेल, तर ते एकदा दाखवण्यापेक्षा गावातलीच वस्तू दोनदा दाखवणे मुलाच्या अधिक हिताचे आहे.