घर कुणाच्या नावावर?

वयाची सत्तरी ओलांडली की आपल्या धर्मग्रामातल्या घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात निघतो. घर आताच मुलांच्या नावावर करून द्यावे, की आपल्या मागून त्यांना मिळावे? प्रश्न वकिलाचा वाटतो, पण तो विवेकबुद्धीचाही आहे.

सिराखच्या ग्रंथाचा तेहतिसावा अध्याय याबाबत स्पष्ट आहे. जिवात जीव आहे तोवर मुलगा, पत्नी, भाऊ, मित्र, कुणाच्याही हाती स्वतःला सोपवू नये. वाटणी अखेरच्या घटकेला करावी. उलट लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप धाकट्याने मागताच वाटणी करून देतो. पुढे काय झाले ते आपण जाणतोच. अर्थात तो दाखला क्षमेचा आहे, मालमत्तेचा नव्हे.

अमेरिकेतील काही राज्यांत सिराखच्या सल्ल्याला साजेसा एक दस्त आहे. मिझुरी राज्याने १९८९ साली तो प्रथम आणला; टेक्सासमध्ये २०१५ पासून आणि कॅलिफोर्नियात २०१६ पासून तो करता येतो. आपल्या मृत्यूनंतर हे घर अमक्याचे, असे मालक हयातीतच नोंदवून ठेवतो. तोवर त्या अमक्याचा घरावर काडीइतकाही हक्क नसतो. मालक घर विकू शकतो, गहाण टाकू शकतो, दस्त रद्दही करू शकतो. मागून त्या घरासाठी मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करीत बसावे लागत नाही. घरावर कर्ज असेल तर तेही घराबरोबर येते.

आपल्याकडे असा दस्त नाही. मृत्युपत्र आहे, आणि तेही मरेपर्यंत बदलता येते. बक्षीसपत्राचे तसे नाही. एकदा नोंदले की घर हातचे गेले. सांभाळाच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने परत मागता येते. पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज लिहायला कुणाचा हात धजतो?

म्हणून घर शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवण्यात मायेची उणीव आहे, असे आम्हांला वाटत नाही. खोट दुसरीकडे असते. बदलता येणाऱ्या कागदाची छडी होते. चहाला उशीर झाला तरी ‘नाव काढून टाकीन’ ही धमकी तयार. त्याहून मोठी खोट मौनाची. औषधपाणी करते मुलगी, घर लिहिलेले असते मुलाच्या नावाने, आणि तिला ते कळते महिन्याच्या मिस्साच्या दिवशी. कागदच केलेला नसेल तर तिच्यापुढे हक्कसोडपत्र येते. वास्तविक आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसताना विधवेला एक तृतीयांश मिळते व उरलेल्यात मुलगे-मुली सारखे वाटेकरी असतात.

सही करण्याआधी सगळ्या मुलांना एकत्र बसवून कागद वाचून दाखवावा, असे आम्ही सुचवितो. भांडण व्हायचेच असेल तर ते तेव्हाच होऊ द्यावे. ‘असे का लिहिले?’ हे विचारायला आईबाप निदान समोर बसलेले असतात.