शेजारधर्म आणि मानमोडी

अंगणात पाळलेल्या चार कोंबड्या हा नीतिविचाराचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका वाचकांस येईल. परंतु नीतीचे प्रश्न केवळ मोठ्या प्रसंगीच उद्भवतात, असे आम्हांस वाटत नाही. अमरावती-अकोल्याकडील खेड्यांत मोलमजुरी करणाऱ्या बाईची अडीअडचणीची पुंजी पुष्कळदा तिच्या खुराड्यातच असते. एके सकाळी त्यातील एक कोंबडी चोच उघडी टाकून घरघरू लागते. नाकातोंडातून चिकट स्राव वाहतो, हिरवट पातळ विष्ठा पडते. पुढे मान वाकडी झाली म्हणजे जाणती माणसे ओळखतात की, मानमोडी आली. वैद्यकग्रंथांत हिलाच राणीखेत म्हणतात. तिच्यावर औषध नाही. लस न दिलेल्या कोंबड्यांत ती शिरली तर थोड्याच दिवसांत खुराडे ओस पडते.

अशा वेळी उरलेल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या ती बाई आठवडी बाजारात नेऊन विकते. यात तिचा दोष कितपत? कोंबडी तिची, तेव्हा विकण्याचा अधिकारही तिचाच, असे कोणी म्हणेल. परंतु लक्षणे दिसू लागण्यापूर्वीच पक्ष्याच्या अंगात रोग असू शकतो, आणि तो विक्रीबरोबर दुसऱ्या गावी जातो. तेथील खुराडेही अशाच एखाद्या गरीब बाईचे असते. मालकीला कुंपण असते, संसर्गाला नसते. म्हणून ठाऊक असलेला रोग लपवून केलेली विक्री ही फसवणूकच होय.

तथापि एवढा निवाडा देऊन स्वस्थ बसणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमध्ये प्रथमच बर्ड फ्लू आढळला. नुसत्या डोळ्यांनी तो आणि मानमोडी यांतील भेद कळत नाही; निर्णय प्रयोगशाळेतच होतो. त्या साथीत लाखो पक्षी मारण्यात आले. पुढे 2009 च्या कायद्याने अशा सांसर्गिक रोगाची वर्दी देणे मालकावर बंधनकारक केले. हे योग्यच झाले. परंतु भरपाई मिळते ती सरकारी आज्ञेने मारलेल्या पक्ष्यांची. मानमोडीने खुराडे ओस पडले, तर खरे बोलणाऱ्या बाईच्या पदरात काय पडते? सत्याचा खर्च एकट्या गरिबाने सोसावा आणि लाभ साऱ्या गावाने घ्यावा, यास न्याय म्हणता येणार नाही.

सुदैवाने या रोगावर लस आहे: लहानपणी पिलांच्या डोळ्यांत वा नाकात थेंब आणि पुढे टोचणी. परंतु तिची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांपुरती असते; ती थंड ठेवावी लागते आणि एकदा द्रावण केले की थोड्या तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या मालकिणीस ती एकटीला परवडणारी नाही. वऱ्हाडच्या उन्हात तर ती दवाखान्यातून बर्फात घालून आणावयाची आणि सकाळच्या गारव्यात घरोघर द्यावयाची, हे काम साऱ्या गावाने मिळूनच होते. ज्यांच्या घरी शीतकपाट आहे, वाहन आहे, चार अक्षरे वाचणारा मुलगा आहे, त्यांनी यात पुढाकार घेणे हा त्यांचा शेजारधर्म होय, मग त्यांच्या अंगणात एकही कोंबडी नसो.

शेजारणीच्या पाच कोंबड्या ज्या गावाने आपल्या मानल्या, त्या गावानेच तिच्याकडून सत्याची अपेक्षा करावी.