माप कोणाचें?

शिंप्याच्या दुकानांत पाऊल टाकतांच प्रथम माप घेतलें जातें. कापड, घाट आणि मजुरी यांचें बोलणें मागाहून. आधीं समोरचा मनुष्य. दुसऱ्याचें भलें करावयास निघालेल्यांनीं हा क्रम पाळावा कीं नाहीं, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

नगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील, पाथर्डीच्या वाटेवरचें तिसगांव डोळ्यांपुढें आणा. अशा गांवांतील शिंपी एके काळीं अलुतेदारांत मोजला जाई व सुगीस धान्य नेई. पुढें रोख मजुरी आली, आणि तिच्यामागून बाजारांत तयार कपड्यांचे ढीग आले. आज नवा सदरा शिवून घेण्याहून विकत घेणें पुष्कळदां स्वस्त पडतें. शिंप्याच्या वांट्यास उसवलेलें शिवणें आणि सैल-तंग सारखें करणें तेवढें उरतें.

समजा, एखाद्या सुशिक्षित गृहस्थास ही स्थिति पाहवली नाहीं. त्यानें शिंप्यांस एकत्र केलें, घाऊक काम आणलें, त्यांस चार पैसे मिळवून दिले आणि स्वतःसही दोन ठेवले. ‘सेवेंत नफा कसला?’ असें कोणी विचारील. परंतु दानधर्म दात्याच्या मर्जीवर चालतो. स्वतःचा खर्च भागविणारा धंदा उद्यांही चालतो. तेव्हां नफा हा दोष नव्हे. दोष असलाच, तर तो दर ठरवितांना शिंप्यास विचारलें नाहीं, यांत असेल.

नुकतेंच घडलेलें एक उदाहरण पाहा. २०२४-२५ या वर्षीं राज्य सरकारनें शाळांतील मोफत गणवेशाचें कापड एकवट खरेदी करून एका गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे सोंपविली. मुलांस कपडा आणि गांवच्या बायकांस काम, हा हेतु उत्तमच होता. शिलाईचा दर मात्र वरूनच ठरला: गणवेशामागें १०० रुपये. गणवेश उशिरां पोंचले, कित्येकांच्या अंगास ते नीट बसले नाहींत, आणि डिसेंबर २०२४ मध्यें हें काम पुनः शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यांत आलें. मुलाचें माप चुकलें तें सर्वांस दिसलें. शिवणारीच्या श्रमाचें माप चुकलें असल्यास तें कोण पाहणार?

मग शिंप्यांसच मालक करावें, असें कोणी म्हणेल. याच जिल्ह्यांत लोणीच्या परिसरांत १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस पिकविणारा मालक झाला, हें कार्य थोर खरें. परंतु ऊस तोडणारा झाला नाहीं. पाथर्डी तालुक्यांतून दरसाल तोडीस जाणाऱ्या कुटुंबांस हा भेद समजावून सांगावा लागत नाहीं. शिंप्यांच्या संस्थेंतही घरीं बसून काजें-बटणें करणारी बाई अशीच हिशेबाबाहेर राहूं शकेल.

म्हणून अशा उपकारकर्त्यास, मग तो एक असो वा संस्था, इतकेंच विचारावें: तुमची हिशेबाची वही शिवणाऱ्यास उघडतां येते काय? दर परवडत नाहीं म्हणून त्यानें आज काम नाकारलें, तर उद्यां तो ताठ मानेनें तुमच्या दारीं येऊं शकतो काय? यांस होकार असेल, तर नफा खुशाल घ्यावा. नसेल, तर त्यास मिळालें तें मिंधेपण होय. आणि मिंधा मनुष्य आपलें खरें माप कधींच सांगत नाहीं.