अर्धसत्य आणि प्रायश्चित्त

शब्दशः असत्य न बोलता दुसऱ्याला फसविता येते काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. कॅथॉलिक परंपरेने त्याचा विचार फार सूक्ष्मपणे केला. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन प्रबंध लिहिले आणि चांगल्या हेतूने उच्चारलेले असत्यही निषिद्ध ठरविले. मग शरणागताचा ठावठिकाणा मारेकऱ्याने विचारला, तर सत्यवचनी माणसाने काय करावे? या पेचातून पुढील काळातील नीतिज्ञांनी एक वाट काढली : वाक्याचा काही अंश उच्चारावा व काही मनातच राखावा. या युक्तीचे टोकाचे रूप पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ मध्ये निषिद्ध ठरविले. द्व्यर्थी बोलण्याचे सौम्य रूप मात्र टिकून राहिले.

तीन शतकांनंतर ही युक्ती डब्लिनमध्ये पुन्हा दिसली. तेथील धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी महाधर्मप्रांताने १९७५ ते २००४ या काळात कशा हाताळल्या, याची चौकशी न्यायाधीश इव्हॉन मर्फी यांच्या आयोगाने केली. गुप्तता, बदनामी टाळणे, संस्थेची प्रतिष्ठा आणि तिची मालमत्ता यांचीच चिंता तेथे प्रधान होती, असा निष्कर्ष २००९ च्या अहवालात आहे. त्यात एक लहानसा प्रसंग नोंदला आहे. एका पीडिताला भरपाई देण्यासाठी धर्मप्रांताच्या निधीतून आरोपी धर्मगुरूला कर्ज दिले गेले होते. भरपाईसाठी असा निधी 'वापरला जात नाही', असे आर्चबिशप डेस्मंड कॉनेल यांनी पत्रकारांना सांगितले. 'वापरला गेला नव्हता' असे आपण म्हटले नाही, हे त्यांचे नंतरचे स्पष्टीकरण.

व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. नीतीच्या दृष्टीने मात्र ते पोकळ आहे. ही युक्ती जन्मली ती दुर्बळाला सबळापासून वाचविण्यासाठी. येथे सबळ संस्थेने ती दुर्बळाविरुद्ध वापरली. अश्वत्थामा मेल्याचे द्रोणाचार्यांना सांगताना धर्मराजाचे शब्दही खोटे नव्हते. तरी भूमीला न शिवणारा त्याचा रथ खाली आला. सत्य शब्दांत नसते, ऐकणाऱ्याच्या मनात ते शब्द जे उभे करतात त्यात असते, हे त्या कथाकाराने ओळखले होते.

गुप्ततेच्या बाजूनेही काही म्हणता येते. भाविकांची श्रद्धा डळमळू नये आणि निरपराध धर्मगुरूवर किटाळ येऊ नये, या चिंता खोट्या नव्हेत. पापनिवेदनातील गुप्तताही अभंग आहे. परंतु ते अभय पापनिवेदन करणाऱ्याच्या सद्सद्विवेकासाठी आहे. बिशपांच्या कचेरीतील फायलींना ते लागू होत नाही. शिवाय लपविल्याने श्रद्धा वाचली नाही. बॉस्टनमध्ये आरोप असलेले धर्मगुरू एका धर्मग्रामातून दुसऱ्यात पाठविले गेले आणि नव्या ठिकाणच्या आईबापांना त्याची कल्पनाही दिली गेली नाही. २००२ मध्ये हे उघड झाले आणि डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपद सोडावे लागले.

सुधारणेचा मार्ग ख्रिस्तसभेला बाहेरून आणावा लागत नाही. पश्चात्ताप, पापाची कबुली आणि झालेल्या हानीची भरपाई ही प्रायश्चित्त संस्काराची अंगे ती प्रत्येक सामान्य भाविकाला शिकविते. प्रश्न एवढाच की, भाविकासाठी जे अनिवार्य ते त्याच्या धर्मगुरूसाठी ऐच्छिक कसे? २०१८ च्या आरंभी चिलीतील एका बिशपांवरील आरोपांना पोप फ्रान्सिस यांनी बदनामी म्हटले होते. चौकशीनंतर त्यांनी आपली गंभीर चूक लेखी मान्य केली आणि पीडितांची क्षमा मागितली. त्या कबुलीने पोपपदाचे मोल घटले नाही. २०१९ मध्ये अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळविणे धर्मगुरूंवर बंधनकारक झाले, आरोप दडपणारे बिशपही चौकशीच्या कक्षेत आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या खटल्यांवरील 'पोपप्रणीत गुप्तता' उठविली गेली.

नियम दार उघडतात. आत प्रकाश नेणे माणसांच्या हाती असते. शपथेचीही गरज पडू नये इतके सरळ बोला, असे येशूने पर्वतावरील प्रवचनात शिकविले. ज्याच्या कानी इतरांची पापे विश्वासाने सांगितली जातात, त्याच्या स्वतःच्या वाक्यात मनात राखलेला अंश उरू नये, एवढीच त्या शिकवणुकीची मागणी आहे.