नाकाची मोजणी, जिभेची पारख

नाकाची रुंदी मोजली की माणसाची जातीच्या उतरंडीतली जागा कळते, असं १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले मानत. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात ती मापं तपासली आणि उत्तरेकडच्या मुलखाबाहेर हा हिशेब जुळत नाही, हे दाखवून दिलं. वंशाच्या नावाने चाललेल्या मोजमापाला एका मराठी अभ्यासकाने दिलेलं हे उत्तर आजही मोलाचं वाटतं.

याच घुर्यांनी पुढे महादेव कोळी या आदिवासी जमातीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात हा समाज राहतो, भात-नाचणी पिकवतो, हिरडा गोळा करतो. पण घुर्यांच्या लेखी आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू. त्यांनी मोठ्या समाजात विरून जावं, हे त्यांचं मत. इथे मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. विरघळायचं ते नेहमी डोंगरातल्यांनीच का?

या प्रश्नाला वाचा फुटायला आतला माणूस लिहिता व्हावा लागला. डॉ. गोविंद गारे जुन्नर तालुक्यातल्या निमदरीचे, स्वतः महादेव कोळी. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक झाले आणि ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांना ते वाचता यावं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तरी एक गाठ सुटलेली नाही, ती शाळेतली. घटनेच्या कलम ३५० अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली आहे. २००९चा शिक्षणहक्क कायदाही शक्य तितकं मातृभाषेतूनच शिकवा म्हणतो. महादेव कोळ्यांची बोली मराठीत धरली जाते, म्हणून कागदावर त्यांचं मूल पहिल्या दिवसापासून मातृभाषेतच शिकतंय. त्यामुळे त्याच्या अडचणीला सरकारदरबारी नावच नाही. घरचं बोलणं वर्गात आलं की ‘नीट बोल’, ‘अशुद्ध बोलू नकोस’ हे मात्र ऐकू येतं. ठाकर आदिवासींच्या मुलांची गतही वेगळी नाही.

अमेरिकेत नेल्सन फ्लोरेस आणि जोनाथन रोझा यांनी २०१५ साली मांडलं, की वंशामुळे हिणवल्या गेलेल्या मुलांनी प्रमाण भाषा हुबेहूब उच्चारली, तरी ऐकणाऱ्याला ती उणीच वाटते. तेव्हा सुधारायचं ते ऐकणाऱ्याने. जात आणि वंश एक नव्हेत, हे घुर्यांनीच शिकवलं. पण ऐकणाऱ्याच्या कानाविषयीचं हे म्हणणं आपल्या शाळांना तंतोतंत लागू पडतं. नाकं मोजणं थांबलं. बोलण्यावरून माणसाची पायरी ठरवणं चालूच आहे.

प्रमाण मराठी शिकवू नये, असं मी म्हणत नाही. परीक्षा, नोकरी, अर्ज, कोर्ट सगळं तिच्यातून चालतं. ती या मुलांच्या हक्काची आहे. पण तिच्यापर्यंत जाणारी वाट घरच्या बोलण्यातून का जाऊ नये? हिरडा कधी उतरवायचा, कसा वाळवायचा हे आठ वर्षांचं पोर नेमकेपणाने सांगतं. तेच शिक्षकाने त्याच्या शब्दांत फळ्यावर लिहावं, शेजारी पुस्तकी मराठी लिहावी आणि दोन्ही वाचून घ्यावं. यासाठी नवा कायदा नको, वेगळा ग्रंथही नको. याच भागातल्या घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत येत्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गापासून हे सुरू करता येईल. त्याआधी उन्हाळ्यात शिक्षकांना मुलांच्या गावांतल्या बायाबाप्यांसमोर शिकायला बसवावं लागेल.