निविदेच्या आधीचा प्रश्न

2025 च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनाने कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात संकेतस्थळे अद्ययावत करण्यावर भर होता, हे चांगलेच झाले. पण एखादा विभाग नवे संकेतस्थळ योजायला बसतो, तेव्हा ते कोणासाठी, हे निविदा निघण्याआधी ठरायला हवे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 ने 2005 सालीच प्रत्येक कार्यालयाला आपली कर्तव्ये, निर्णयप्रक्रिया, योजनांचे लाभार्थी अशा 17 बाबी स्वतःहून जाहीर करायला सांगितले. नागरिकावर अर्ज करून माहिती मागण्याची वेळ कमीत कमी यावी, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात परिपत्रक स्कॅन करून चढवले की कलम पाळल्याची नोंद होते. मात्र त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन माणसाच्या फोनमधला स्क्रीन रीडर तिथे मुका होतो. माहिती जाहीर झाली, पोहोचली मात्र नाही.

असा अन्याय बहुधा आकसातून होत नाही. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिडहल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तींना ओळख पडताळणीसाठी (केवायसी) कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून दाखवता येत नव्हती, त्यातून ते प्रकरण उभे राहिले. ज्याने ती अट घातली, त्याच्या डोळ्यांसमोर असा माणूस आलाच नसावा. योजना आखताना कोणाची आठवण राहते आणि कोणाची राहत नाही, हा म्हणूनच मला नीतीचा प्रश्न वाटतो.

यावर सांगितले जाते की, लोक सेतू केंद्रात जातातच, तिथला चालक अर्ज भरून देतो. त्या केंद्रांचा आधार मोठा आहे, ती हवीतच. पण पात्रतेची अट किंवा लागणारे दाखले संकेतस्थळावर नीट कळले नाहीत, तर दुसऱ्या हेलपाट्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी निराधार योजनेचा अर्ज करणाऱ्या विधवेच्या पदरची जाते. विभागाने वाचवलेले कष्ट तिच्याकडून वसूल होतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शासन निर्णयाची भाषा सोपी केली तर कायदेशीर अर्थ ढळेल. ही भीती खरी आहे, म्हणून मूळ निर्णय जसाच्या तसा ठेवावा आणि वाद झाल्यास तोच ग्राह्य धरावा. शेजारी साध्या मराठीत कोणाला, काय, किती दिवसांत मिळेल ते लिहावे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवांच्या मुदती अधिसूचित करायला लावल्याच आहेत, तेव्हा हा मजकूर नव्याने शोधायचा नाही. राहिला वेळेचा आणि पैशाचा मुद्दा. आराखडा कागदावर असताना बदल स्वस्त असतो, प्रणाली उभी राहिल्यावर महाग. दृष्टिहीन, वृद्ध आणि फक्त मोबाइल वापरणाऱ्या अर्जदारांकडून प्रत्यक्ष अर्ज भरून घ्यावा, आणि त्यांच्या अडचणी दूर झाल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक मंजूर करू नये, ही अट निविदेतच घालता येते.